खेळघराचं कुलूप काढा : आमच्या शाळेच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष साहेब, संचालक मंडळातली सगळी मंडळी आणि मुख्याध्यापक सर यांस, सप्रेम नमस्कार.

मी आपल्या शाळेतल्या दोन लेकरांची आई आहे आणि शाळा व्यवस्थापन समितीची सदस्यपण आहे. घरी शिवणकाम करते, पलूस तालुक्यात कृष्णेच्या काठाला आमचं गाव. माझं नाव तुम्हाला माहीत आहे, इथं लिहीत नाही. शाळेचं पण लिहीत नाही, कारण मला शाळेची बदनामी करायची नाहीय, ह्याच शाळेनं माझ्या पोराला परत बोलतं केलंय. पोराचं नाव लिहू नको असं त्यानंच सांगितलं, बाकीचं लिही म्हणाला. त्याला विचारल्याशिवाय ह्यातली एक ओळ लिहिलेली नाही.

विषय खेळघराचा आहे, म्हणजे मनात काही दुखतंय अशा पोरांना समुपदेशक बाईंसोबत बसून खेळता यायचं त्या खोलीचा. जूनमध्ये शाळा भरली आणि पहिल्याच आठवड्यात मागच्या बाजूची ती छोटी खोली रिकामी करून तिथं स्कॉलरशिपच्या जादा तासाचे बाक लावले, वाळूची पेटी मैदानावर उपडी केली, खेळणी पोत्यात भरून जिन्याखाली टाकली आणि आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या समुपदेशक बाईंना "ह्या वर्षी गरज नाही" म्हणून फोनवर सांगितलं. मला हे माझ्या दुसरीतल्या मुलीकडून कळलं. समितीच्या सदस्याला.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती खोली आतून कधी बघितलेली नाही. म्हणून आधी माझ्या घरातलं सांगते, थोडं लांबेल, पण वाचा.

२०१९ च्या ऑगस्टमधी पाणी आलं तेव्हा माझा पोरगा पहिलीत होता. सांगलीत आयर्विन पुलाला ४५ फुटाला धोका म्हणतात, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, म्हणजे आमच्यासारख्या काठावरच्या गावांचं काय झालं असंल ते वेगळं सांगायला नको. संध्याकाळी पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा मी पोराला म्हणाले, रेडकू मागं नेऊन नीट बांध, पाण्याला भिऊन पळंल कुठंतरी. त्याचं लई लाडकं होतं ते रेडकू, अंगावर हात टाकून झोपायचा त्याच्या. त्यानं बांधलं. रात्रीत पाणी उंबऱ्याच्या आत आलं, पहाटे बोट आली, ह्यांनी म्हैस सोडली ती पोहत गेली, पण रेडकाचं दावं काही केल्या सुटंना. सुंभाची दोरी ओली झाली की फुगती आणि गाठ दगडासारखी बसती. ह्यांनी अंधारात चाचपडत बघितलं, विळा सापडंना, बोटवाले ओरडायला लागले, बायकापोरं बसलेली, आणि ह्यांच्या तोंडातनं निघून गेलं, "कुणी बांधलीय ही गाठ?"

एवढंच. आम्ही बोटीत बसलो, पलूसला पाहुण्यांकडं गेलो. त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, ब्रह्मनाळ गावात पुरातनं माणसं नेणारी बोट उलटली, ते टीव्हीवर सारखं दाखवत होते आणि पोरं बघत होती, कुणी टीव्ही बंद केला नाही. पाणी उतरल्यावर घर धुतलं, चिखल काढला, पंचनामा झाला, रेडकाची नोंद झाली. ते वाक्य आमच्यातल्या कुणाच्या लक्षातपण राहिलं नव्हतं.

मग पुढचं वर्ष कोरोनाचं, शाळा बंद, घरात कुणाला काय कळलं नाही. २०२१ च्या जुलैत परत पाणी, आयर्विनला परत ५० च्या वर. त्यानंतर शाळा नीट सुरू झाल्या आणि मग दिसायला लागलं. पाऊस वाढला की ह्याचं पोट दुखायचं. डॉक्टरांना दाखवलं, पोटात काही नाही म्हणाले. वर्गात दिवसदिवस गप्प, आणि कुणी मागनं धरलं की एकदम मारायचा, एकदा एका पोराला चावला. शाळेनं काय केलं तर वर्गाबाहेर उभं केलं, वहीत शेरा लिहिला, मला चार वेळा बोलावून घेतलं. मी काय केलं तर घरी आणून दोन दिल्या. हे मी लिहून ठेवतेय कारण मी पण त्यात होते, मलापण कळत नव्हतं.

२०२२ च्या दिवाळीनंतर, तो चौथीत असताना, शाळेनं ही खोली सुरू केली आणि पहिल्या पाच पोरांत त्याचं नाव आलं. तेव्हा बाईंनी पालकांना बसवून समजावून सांगितलं होतं, मी पुढं स्वतःपण शोधून शोधून वाचलं, त्यामुळं आता जे सांगतेय ते माझ्या मनचं नाही.

मोठ्या माणसाला दुःख झालं तर तो बोलतो, निदान रडून तरी सांगतो. सात-आठ वर्षांच्या पोराकडं तेवढे शब्द नसतात, "तुला काय होतंय" असं दहा वेळा विचारलं तरी तो "काय नाही" म्हणणार, कारण त्याला खरंच सांगता येत नाही. तो ते खेळून सांगतो. आपल्या भातुकलीतच बघा की, आई घरात कशी बोलते, बाप पिऊन आला की काय होतं, सगळं त्या बोळक्यांत येतं. हे ओळखून बाहेरच्या देशांत शंभरेक वर्षांपासून ह्याच्यावर पद्धतशीर काम चाललंय. लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड नावाच्या डॉक्टर बाईंनी १९२० च्या दशकाच्या शेवटी मुलांना वाळूचं तसराळं आणि छोटी छोटी माणसं, जनावरं, घरं दिली आणि मुलं त्यात जे मांडायची त्याला मुलांनीच "जग" असं नाव दिलं. पुढं अमेरिकेत व्हर्जिनिया ॲक्सलाइन बाईंनी १९४७ मध्ये आठ तत्त्वं लिहून ठेवली. मूल आहे तसं स्वीकारायचं, खेळ काय खेळायचा ते मूल ठरवणार, घाई करायची नाही, आणि बंधनं घालायची ती नडीपुरतीच. आपल्या महाराष्ट्रात तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला आदिवासी पोरांना खेळातनं शिकवत होत्या. त्यांचं काम शिक्षणाचं होतं, उपचाराचं नव्हतं, दोन्हीची गल्लत मी करत नाही, पण पोराला समजून घ्यायचं तर त्याच्या खेळापाशी जाऊन बसायला लागतं ही गोष्ट ह्या मातीला नवीन नाही एवढंच म्हणायचंय.

आता खोलीत काय व्हायचं. आठवड्यातनं एकदा, ठरलेला वार, ठरलेली वेळ, ४० मिनिटं, एक मूल आणि एक बाई. खेळणी प्रत्येक वेळी त्याच जागी. वाळूची पेटी, पाण्याचा तांब्या, शाडू, रंग, डॉक्टरची पेटी, भातुकली, गाड्या, घरातली माणसं म्हणून कापडी बाहुल्या (त्या मी शिवल्यात, ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्यांच्या, आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत) आणि बेंदराला कुंभाराकडनं आणतो तसले मातीचे बैल. नियम तीनच. स्वतःला लागेल असं करायचं नाही, बाईंना मारायचं नाही, मुद्दाम मोडतोड करायची नाही. बाकी काय करायचं ते पोर ठरवणार. बाई "शाब्बास" म्हणत नाहीत, "असं नाही असं कर" म्हणत नाहीत, जे दिसतंय तेवढंच बोलून दाखवतात, "हा बैल एकटाच लांब बसलाय" असं. आणि खोलीतलं कुणाला सांगत नाहीत, आईलापण नाही, फक्त पोराच्या जिवाला कुणाकडनं धोका आहे असं दिसलं तर गप्प बसता येत नाही, हे त्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतात.

म्हणून खालचं जे आहे ते मला बाईंनी सांगितलेलं नाही, पोरानंच सांगितलं, पुष्कळ महिन्यांनी.

तो आत जाऊन दर वेळी एकच खेळ खेळायचा. सगळी जनावरं घ्यायची, लोकरीच्या दोऱ्यानं टेबलाच्या पायाला बांधायची, दोऱ्यावर पाणी ओतायचं आणि बाईंना म्हणायचं, "सुटतीय का बघा." बाई खरंच बसून नखानं गाठ काढायचा प्रयत्न करायच्या आणि म्हणायच्या, "लई घट्ट आहे, मलापण सुटंना." असं किती आठवडे चाललं त्याला आठवत नाही. कुठल्याही मास्तरांनी तिसऱ्या वेळेला म्हटलं असतं की अरे दुसरं काहीतरी खेळ. बाईंनी म्हटलं नाही. मग एकदा त्यानंच विचारलं, "तुम्ही मोठ्या आहात तरी सुटंना?" त्या म्हणाल्या, "ओली गाठ मोठ्या माणसालापण सुटत नाही कधीकधी." त्या दिवशी घरी आला आणि रात्री जेवताना ताटावरच रडायला लागला, आणि तीन वर्षांपूर्वीचं सगळं बाहेर आलं, की रेडकू माझ्यामुळं गेलं, बाबा म्हणाले होते कुणी बांधलीय ही गाठ. ह्यांचा घास हातातच राहिला.

त्यानंतर तो आबांच्या मागं लागला, मला सुरगाठ शिकवा. निरगाठ आणि सुरगाठ असा फरक असतो, सुरगाठ बांधायला तेवढीच पक्की पण एक टोक ओढलं की सुटती. आठवडाभर खाटेच्या पायाला बांधत बसला. आणि शेवटी खेळघरातली सगळी जनावरं त्यानं सुरगाठीनं बांधली, बाईंना म्हणाला, ओढा. आता आमच्या गोठ्यात म्हैस बांधायचं काम त्याचं आहे आणि दुसऱ्या कुणी बांधली तर तो परत जाऊन बघून येतो. पोट दुखायचं थांबलंय. पावसाला अजून थोडा बिचकतो, नाही असं नाही.

हे झालं माझं. आता तुमच्या निर्णयाबद्दल माझी जी तक्रार आहे ती सांगते.

एक म्हणजे तुम्ही कुणाला विचारलं नाही. शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असायला पाहिजेत आणि निम्म्या बायका, असं कलम २१ मधी आहे. आपल्या समितीत तसं आहेसुद्धा, कागदावर. पण बैठक झालीच नाही, शिपाईमामा इतिवृत्ताचं रजिस्टर घेऊन दुपारी घरी आले, मी मशीनवर बसलेली, "सही करा ताई, बाकीच्यांच्या झाल्यात." मी वाचलं तर त्यात "खोलीचा शैक्षणिक कामासाठी वापर" एवढंच लिहिलेलं. मी सही केली नाही. मामांवर माझा राग नाही, त्यांना पाठवणाऱ्यांना विचारतेय.

दुसरं, "खेळायला पीटीचा तास आहे की" हे उत्तर. सर, खो-खो, कबड्डी पाहिजेच, मी स्वतः शाळेत खो-खो खेळलेली आहे. पण मैदानावर जिंकणं-हरणं असतं, शिट्टी असते, चाळीस पोरं असतात. ज्या पोराची आई मागच्या वर्षी गेली ते पोर मैदानावर काय सांगणार आहे? सलाइन लावायच्या खोलीला कुणी, पाणी प्यायला नळ आहे की, असं म्हणत नाही.

तिसरं मला सगळ्यात जास्त लागलंय. पोरं मधेच तोडली. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी अकरा पोरं खोलीत यायची. हे काम थांबवायचं असलं तरी पोराला आधीपासून सांगावं लागतं, अजून चार वेळा भेटणार, अजून तीन वेळा, नीट निरोप घ्यावा लागतो, कारण ह्यातल्या बऱ्याच पोरांचं दुखणंच ते असतं की कुणीतरी न सांगता गेलं. त्यांच्या बाबतीत शाळेनं तेच परत केलं. एक लहान मुलगी पहिल्या आठवड्यात तिच्या वाराला दोन वेळा त्या दारापाशी जाऊन उभी राहिली, आत बाकांवर मोठी पोरं गणितं सोडवत होती. माझ्या मुलीनं तिला हाताला धरून वर्गात नेलं.

पालकसभेत "त्या खोलीत जाणारी पोरं जरा मेंटल असतात" असं व्यासपीठावरनं बोललं गेलं ते तर बोलायलाच नको होतं. पोरं बाहेर ऐकत उभी होती. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत तो शब्द सुरू झाला.

"हेल्पलाइन आहे की" असंही उत्तर मिळालं. आहे, १४४१६ हा टेली-मानसचा नंबर मी स्वतः आमच्या गल्लीतल्या एका बाईला दिलाय, चांगली सोय आहे ती. पण दुसरीतलं पोर फोन लावून काय सांगणार? आणि वर्षातनं एकदा तपासणीची गाडी येते त्यात डॉक्टर डोळे, दात, वजन, वाढ बघतात, चांगलंच काम करतात, पण एका दिवसात शेकडो पोरं बघताना कुणाच्या मनात कुठली गाठ आहे ते त्यांना कसं दिसणार.

आणि कायदा म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २९ मधी स्वच्छ लिहिलंय की शिक्षणानं मुलाला भीती, आघात आणि चिंता ह्यांच्यापासून मोकळं करायचं आणि त्याला आपलं मत मोकळेपणानं मांडायला मदत करायची. कलम १७ मधी शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे, वर्गाबाहेर उभं करून चार पोरांत लाज काढणं हे दुसऱ्यात बसतं की नाही ते तुम्हीच ठरवा. नव्या शैक्षणिक धोरणातसुद्धा शाळांत समुपदेशक असावेत असं म्हटलंय. म्हणजे आपली शाळा पुढं गेलेली होती, आणि आपण मागं आणली.

स्कॉलरशिपच्या विरोधात मी नाही. माझी मुलगी पण बसणार आहे पुढं. पण वरच्या मजल्यावर सकाळी दहापर्यंत चार वर्ग रिकामे असतात हे सगळ्या गावाला माहीत आहे.

खर्चाचं म्हणाल तर खेळणी आम्ही आयांनी केलेली, वाळू गावातल्या एका बांधकामावरनं आणून चाळून धुतलेली, पेटी सुतारानं जुन्या दरवाज्याची फुकट करून दिली. राहिलं बाईंचं मानधन आणि येण्याजाण्याचं भाडं. ते झेपत नसंल तर तसं मोकळं सांगा, आम्ही पालक महिन्याला वर्गणी काढायला तयार आहोत, मी आत्तापर्यंत सतरा घरी जाऊन विचारलंय, एकानंही नाही म्हटलेलं नाही. उत्सवाला वर्गणी देतो तशी देऊ.

आमच्या मागण्या ह्या आहेत:

१. खेळघराची खोली परत द्या, आणि नागपंचमीच्या आत द्या. पाणी वाढायचे दिवस तेच असतात आणि पोरं तेव्हाच जास्त बिथरतात.

२. त्याच बाईंना परत बोलवा. पोरांची ओळख त्यांच्याशी आहे. दुसरं कुणी आणायचं असंल तर रीतसर शिकलेलं माणूस आणा, दोन दिवसांचं शिबिर केलेल्या शिक्षकाच्या गळ्यात हे काम मारू नका, ते त्या शिक्षकावरपण अन्याय आहे.

३. ज्या अकरा पोरांचं मधेच तुटलं त्यांना आधी बोलवा, आणि काय झालं ते त्यांना मोठ्या माणसानं समोर बसून सांगा. चूक झाली असं म्हणा. पोरं माफ करतात.

४. सगळ्या शिक्षकांना निदान एवढं शिकवा की सारखं पोट दुखणारं, मारणारं, एकदम गप्प झालेलं पोर दिसलं तर शेरा लिहायच्या आधी बाईंना सांगायचं. आणि ज्याला खेळघर पुरं पडणार नाही अशा पोराला मानसोपचार तज्ज्ञांकडं पाठवायची व्यवस्था ठरवून ठेवा. बाईंनीच आम्हाला सांगितलं होतं की प्रत्येक पोराला ह्यानं भागंल असं नाही.

५. कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची पोरं चार-पाच महिने आपल्या शाळेत बसतात, त्यांनापण खोली मोकळी ठेवा. दर वर्षी गाव, शाळा, मित्र सोडून यायचं ही काही छोटी गोष्ट नाही. मागच्या वर्षी बीडकडचा एक पोरगा वाळूत नुसत्या बैलगाड्यांची रांग लावायचा, असं माझ्या पोरानं खिडकीतनं बघितलं होतं.

६. खेळघरात जाणाऱ्या मुलांची नावं फळ्यावर, नोटिशीत, सभेत कुठंही घ्यायची नाहीत. आणि सभेत जो शब्द वापरला तो त्याच सभेत मागं घ्या.

७. समितीची बैठक खरी घ्या. संध्याकाळी सहानंतर ठेवा, म्हणजे रानातनं आलेल्या आयांना येता येईल.

ह्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही काही पालक शाळेत येणार आहोत, घोषणा वगैरे काही नाही, बसून बोलायला. बाईंनाही यायची विनंती केलीय. तुमच्यापैकी कुणाला त्याआधी खेळघर म्हणजे काय ते समजून घ्यायचं असंल तर माझ्या घरी या, पोरगा स्वतः सांगायला तयार आहे.

जिन्याखालचं पोतं मी शिपाईमामांना विचारून घरी आणलंय. बाहुल्या धुऊन वाळवल्या, दोघींचे हात उसवले होते ते शिवले. दोन मातीचे बैल फुटलेत, ते ह्या बेंदराला नवीन घेतले. वाळू तेवढी परत चाळावी लागंल. खोली कधी उघडताय ते कळवा, मी सगळं आणून जागच्या जागी लावून देते.

आपली,
एक पालक आणि शाळा व्यवस्थापन समिती सदस्य
ता. पलूस, जि. सांगली